राक्षसाला चेहरा कोणाचा दिला?

कल्पितकथेला वास्तवाची मोजपट्टी लावू नये, असे एक वचन अलीकडे आपल्या बैठकींतून वारंवार ऐकू येते. राक्षस तो राक्षस, त्याचे कुळ कशाला पुसायचे. अद्भुतकथा ही दोन घटकांची करमणूक, तिच्यात समाजशास्त्र कशाला घुसडायचे, असा त्यामागचा रोख असतो. ऐकणाराही मान डोलावतो, कारण करमणुकीच्या आड येणारा माणूस कोणालाच आवडत नाही. तरीही हे वचन जितके गोड तितकेच पोकळ आहे, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

कल्पनेला शून्यातून काही घडवता येत नाही. चित्रकार गरुडमुखी देव काढतो तेव्हा चोच खऱ्या पक्ष्याची घेतो; मकर काढतो तेव्हा जबडा मगरीचा आणि सोंड हत्तीची घेतो. मग तोच चित्रकार 'रानटी नरभक्षकांची टोळी' काढावयास बसतो तेव्हा कातडीचा रंग, नाकाची ठेवण, कुरळे केस, कमरेचे वस्त्र, ढोल, पिसे आणि भाला हे सारे तो कोणाकडून उचलतो? ते आकाशातून पडत नाही. ते या देशातील जित्याजागत्या माणसांकडून उचललेले असते, आणि ज्यांच्याकडून उचलले त्यांना कोणी विचारलेले नसते. वादाचा मुद्दा एवढाच आहे.

उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. आपल्याच शहराच्या सीमेवरील रामोजी फिल्म सिटीत ज्याचे बरेचसे चित्रण झाले तो 'बाहुबली' २०१५ साली प्रदर्शित झाला आणि देशभर गाजला. त्याची भव्यता, युद्धरचना, दिग्दर्शक राजमौळी यांचे कौशल्य यांविषयी वाद नाही. परंतु त्यातील शत्रू, ते कालकेय, आठवून पाहावेत. माहिष्मतीचे लोक उजळ, वस्त्रालंकारांनी नटलेले, शिस्तीत उभे. कालकेय मात्र अंगभर काळे फासलेले, मळकट, दात विचकणारे आणि न कळणाऱ्या भाषेत गुरगुरणारे. त्यांना गाव नाही, शेत नाही, देव नाही, आई नाही. ते कोठून आले आणि त्यांना काय हवे होते, हे जाणून घेण्याची प्रेक्षकाला गरजच वाटू नये, अशी ती योजना आहे. नट गोऱ्या-सावळ्या रंगाचा असला तरी त्याला काळे फासूनच शत्रू करावे लागले, यातच सारे आले.

यावर कोणी म्हणेल की कालकेय हे नाव पुराणातले आहे, चित्रपटवाल्याने नवे काय केले? नेमके येथेच आपल्या वाचकांनी थांबावे. आपल्या घरांतून महाभारत वाचले जाते. वनपर्वात अर्जुन युधिष्ठिराला हिरण्यपुराची कथा सांगतो, ती उघडून पाहावी. पुलोमा आणि कालका या दोन असुरस्त्रियांनी दीर्घ तप केले आणि ब्रह्मदेवाकडून आपल्या पुत्रांसाठी आकाशगामी, रत्नखचित नगर मिळवले. त्या नगरात राहणारे ते कालकेय. त्यांना माता आहे, मातेचे तप आहे, नगर आहे, वैभव आहे. अर्जुन ते नगर उद्ध्वस्त करतो तेव्हा केस मोकळे सोडून, टिटवीसारखा आक्रोश करीत बाहेर आलेल्या त्यांच्या स्त्रियाही व्यासांनी दाखवल्या आहेत. शत्रूच्या घरचे रडणे महाकवीला ऐकू आले. एकविसाव्या शतकातल्या, सर्व साधनांनी सज्ज अशा कॅमेऱ्याला ते ऐकू आले नाही. तेव्हा पुराणाचा हवाला देणाऱ्यांनी आधी पुराण वाचावे.

हीच गोष्ट रामायणाची. किष्किंधेच्या वनात हनुमान प्रथम भेटतो तेव्हा श्रीराम लक्ष्मणाला काय सांगतो? ज्याने तिन्ही वेदांचे अध्ययन केलेले नाही आणि व्याकरण अनेकवार अभ्यासले नाही, त्याला असे बोलता येणार नाही. वानराचे पहिले वर्णन त्याच्या वाणीचे आहे. सुंदरकांडात तोच हनुमान लंकेत रात्र सरता सरता राक्षसांच्या घरांतून वेदघोष ऐकतो. म्हणजे वाल्मीकींचा राक्षस षडंगांसह वेद म्हणतो आणि आमचा पडद्यावरचा राक्षस नुसता गुरगुरतो. आपल्या प्राचीन महाकाव्यांत वनवासी जनांविषयी क्रौर्य नाही असे मुळीच नाही. खांडववनाचे दहन हा वनात राहणाऱ्यांचा निर्दय संहार होता, हे इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये (१९६७) आपल्याला स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. एकलव्याचा अंगठा तर सर्वांना ठाऊकच आहे. परंतु त्या काव्यांत निदान संहार झाला एवढी कबुली आहे आणि एकलव्याला नाव आहे. आजच्या अद्भुतकथेने ती कबुली आणि ते नाव दोन्ही पुसून टाकले.

मग हा नवा साचा आला कोठून? त्याची वंशावळ सांगणे अवघड नाही. युरोपीय लोकांनी जग व्यापले तेव्हा जिंकलेल्या लोकांच्या कवट्या आणि नाके मोजून त्यांची प्रतवारी लावण्याचे एक शास्त्रच उभारले. १९०१च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले यांनी भारतातील जातीजमातींना हीच नाकाची फूटपट्टी लावली होती. शास्त्र पुढे खोटे ठरले, पण चित्रे उरली. इंग्रजी अद्भुतकथेचे पितामह टोल्किन यांनी १९५८च्या एका पत्रात आपल्या 'ऑर्क' या दुष्ट योनीचे रूप समजावून देताना मंगोल वंशाच्या चेहऱ्याचाच आधार घेतला आहे. त्यांच्या कादंबऱ्यांवरून पुढे बैठे खेळ, संगणकावरचे खेळ आणि चित्रपट निघाले आणि 'जन्मजात दुष्ट जमात' ही कल्पना पोराटोरांच्या हाती आली. अमेरिकेत मूळ रहिवाशांचे लेखक आणि अभ्यासक यांनी या विरुद्ध सतत आवाज उठवला. २०१६ साली हॅरी पॉटरच्या लेखिकेने उत्तर अमेरिकेतील जादूचा काल्पनिक इतिहास लिहिताना तेथील मूळ जनांच्या जिवंत श्रद्धा कथेचे सामान म्हणून वापरल्या, तेव्हाही त्यांनी जाहीर हरकत घेतली. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या प्रसिद्ध खेळाच्या प्रकाशकांना २०२०मध्ये मान्य करावे लागले की काही योनी जन्मतःच दुष्ट दाखवण्याची आपली रीत खऱ्या माणसांविषयीच्या पूर्वग्रहांशी जुळते. तिकडे निदान वाद झाला. आपल्याकडे टाळ्या झाल्या.

आपल्याकडेही हा साचा घरोघरी पोहोचला होता, हे विसरून चालणार नाही. मद्रासहून येणारा 'चांदोबा' वाचत आपल्यापैकी बहुतेकांचे बालपण सरले. विक्रम आणि वेताळ यांनी आपल्याला न्यायबुद्धी शिकवली, हे ऋण मोठे आहे. परंतु त्याच पानांवर जंगलात शिरणाऱ्या राजपुत्राला पिसे खोवलेली, हाडांच्या माळा घातलेली माणसे अडवीत, हेही खरे. १९६७पासून निघालेल्या 'अमर चित्र कथा'तही देव गोरे-निळे आणि राक्षस काळे-हिरवट, केसाळ, ही वाटणी ठरलेली. हिंदी चित्रपटांनी त्यात 'झिंगालाला' म्हणत शेकोटीभोवती नाचणारी टोळी घातली. लहान मुलाने वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत खरा गोंड, कोलाम वा चेंचू पाहिलेला नसतो. खोटा मात्र शंभर वेळा पाहिलेला असतो.

आता भाषेकडे वळू, कारण आपली ही संस्था भाषेची आहे. कालकेयांसाठी 'किलिकी' नावाची एक भाषा मुद्दाम रचण्यात आली. सुमारे ७५० शब्द आणि ४० व्याकरणनियम, असे तिचे वर्णन त्या वेळी छापून आले. तिचे कौतुक इतके झाले की २१ फेब्रुवारी २०२० रोजी, म्हणजे जागतिक मातृभाषादिनी, तिच्या संकेतस्थळाचे उद्घाटन झाले. मातृभाषादिन आणि जिला एकही माता नाही अशी भाषा! याच तेलंगणात, हैदराबादेहून दिवसभराच्या वाटेवर, गोंडी बोलली जाते. २०११च्या जनगणनेप्रमाणे देशात तिचे भाषिक सुमारे २९ लाख ८० हजार आहेत. तिला आठव्या अनुसूचीत स्थान नाही. अदिलाबादेतील गुंजाळा या गावी गोंडी लिपीतील जुनी हस्तलिखिते सापडली, हैदराबादच्या अभ्यासकांनी ती प्रकाशात आणली, आणि २०१८ साली त्या लिपीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. ज्यांना आपण अक्षरशून्य, गुरगुरणारे म्हणून रंगवले त्यांच्या घरी स्वतःची लिपी निघाली. या वार्तेवर आपल्यापैकी किती जणांनी टाळी वाजवली?

'करमणुकीने कोणाचे काय बिघडते?' या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी थोडे स्वानुभवाचे सांगणे प्राप्त आहे. शासकीय सेवेत असताना उटनूरच्या बाजूस काही वर्षे जाणेयेणे झाले. तेथील एका आश्रमशाळेच्या स्नेहसंमेलनात रामायणातला प्रवेश होता. राम, लक्ष्मण आणि सीता ही कर्मचाऱ्यांची मुले होती. राक्षसांचे सगळे सैन्य गोंड आणि कोलाम मुलांचे. त्या मुलांच्या तोंडाला कोळशाची पूड फासली होती आणि ती मुळातच सावळी असल्याने पूड थोडीच लागली, असे एक शिक्षक मोठ्या आनंदाने सांगत होते. कोणाच्याच मनात द्वेष नव्हता. पाहुणे हसत होते, मुलेही हसत होती. त्यांतला एक मुलगा मात्र प्रवेश संपल्यावर हातपंपावर बराच वेळ तोंड धूत उभा होता. साचा काम करतो तो असा. त्याला द्वेषाची गरज नसते, सवय पुरते.

आणि ही सवय केवळ स्नेहसंमेलनात राहत नाही. महसूल खात्यात काम केलेल्या माणसाला ठाऊक असते की पहाणीपत्रकात एकदा नोंद शिरली की पुढचा प्रत्येक कारकून ती तशीच उतरवून घेतो. 'जंगली', 'आळशी', 'दारुडा', 'शेती न येणारा' ही मनातली नोंद आधी होते; मग जमिनीची होते. निजामाच्या अमदानीत जंगले राखीव झाली, गोंडांची गावे उठली आणि पट्टे ज्यांना कागद कळत होता त्यांच्या नावे झाले. जंगल आणि जमिनीचा हक्क मागणारा कोमरम भीम १९४० साली जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीला बळी पडला. त्यानंतर निजाम सरकारने क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडून या प्रदेशाचा अभ्यास करवला. 'ट्रायबल हैद्राबाद' या नावाने १९४५ साली त्यांचे अहवाल सरकारनेच छापले. गोंडांच्या जमिनी कशा आणि कोणाच्या हाती गेल्या, हे त्यांत वाचावयास मिळते. त्या 'कोणाच्या'मध्ये पटवारी, देशपांडे आणि सावकार आहेत, आणि अदिलाबादेत त्यांपैकी पुष्कळ मराठी बोलणारे होते. हे लिहिताना हात जड होतो, परंतु आपण हैदराबादची जुनी मराठी घराणी आहोत. वतनांचा अभिमान सांगायचा तर वतनांचा हिशेबही ऐकावा लागेल.

त्या काळातली दुसरी बाजूही आपलीच आहे. मारलवाई येथे १९४३च्या सुमारास गोंड शिक्षकांसाठी केंद्र निघाले तेव्हा गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली, कारण त्या प्रदेशातला गोंड मराठीशी परिचित होता. म्हणजे आपली लिपी एका हाताने त्यांची जमीन उतरवून घेत होती आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या मुलांना अक्षरे देत होती. यांपैकी कोणता हात पुढे करावयाचा, हा प्रश्न आजही मिटलेला नाही. १९५९ आणि १९७० साली आंध्र प्रदेशाला अनुसूचित क्षेत्रातील जमीन हस्तांतरणाविरुद्ध विनियम करावे लागले. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीला जमिनीच्याच प्रश्नावर जमलेल्या गोंडांवर गोळीबार झाला. मृतांचा सरकारी आकडा १३ होता. ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या राक्षस म्हणून पाहिलेले असते, त्याचा जमाव दिसला की तो चालून येत आहे असेच वाटते, मग तो अर्ज घेऊन आलेला का असेना.

येथे एक सूज्ञ आक्षेप येतो. आता काळ बदलला. हल्ली आदिवासीला नायक करतात, असे सांगितले जाते. 'अवतार' (२००९) मधले निळे लोक निसर्गपूजक आणि थोर आहेत. 'आरआरआर' (२०२२) मध्ये तर कोमरम भीमच नायक आहे. हा आक्षेप ऐकून घेतला पाहिजे, पण त्याने समाधान होत नाही. 'अवतार'मधील निळ्या जनांना सोडवण्यासाठी सेनापती बाहेरचाच लागला. 'आरआरआर'मधला भीम बलदंड, निष्पाप आणि वाघाशी झुंजणारा आहे. शेवटी तो आपल्या सुशिक्षित मित्राकडे शिक्षण मागतो आणि 'जल, जंगल, जमीन' ही अक्षरे तो मित्र लिहितो. खऱ्या भीमाविषयी काय सांगितले जाते? तो चंद्रपूरला एका छापखान्यात काम करीत असताना लिहावाचावयास शिकला, पुढे आसामच्या चहामळ्यांत गेला, आणि परतल्यावर लोकांना संघटित करू लागला. म्हणजे ज्याने मराठी मुलुखातल्या छापखान्यात स्वतःहून अक्षरे मिळवली, त्याला पडद्यावर निरक्षर करून मग अक्षरांचे दान दिले. राक्षस करणे आणि भोळा देव करणे, दोन्हींत एक गोष्ट समान आहे: समोरच्याला आपल्यासारखा विचार करणारा प्रौढ माणूस मानण्याची तयारी नाही.

यावर तोड काय? काहींना चित्रपटांवर बंदी हवी असते, संवाद कापावयास हवे असतात. आमचा त्याला विरोध आहे. सेन्सॉरच्या कात्रीने पूर्वग्रह कापला जात नाही, फक्त चिडतो. राक्षस कथेतून हद्दपार करा असेही म्हणणे नाही. राक्षसाशिवाय आजीची गोष्ट पुरी होणार नाही. मागणी वेगळी आहे. राक्षस हवा तर कल्पनेने राबावे, आणि त्याला नवे अंग, नवे मुख द्यावे. आळसाने शेजाऱ्याचा चेहरा उचलून त्यावर सुळे चिकटवू नयेत. आणि ज्याच्या वनात कथा नेता त्याच्याकडेही कथा आहेत, हे ध्यानात घ्यावे.

त्या कथा कशा दिसतात, याचे एक उदाहरण देऊन थांबतो. मध्य प्रदेशातील परधान गोंड चित्रकार भज्जू श्याम यांना कामानिमित्त लंडनला जावे लागले. परत आल्यावर त्यांनी जे काढले ते 'द लंडन जंगल बुक' या नावाने २००४ साली प्रसिद्ध झाले. त्यात लंडनचे प्रसिद्ध घड्याळ कोंबडा झाले आहे, कारण दोघेही वेळ सांगतात. भुयारी रेल्वे जमिनीखालचे गांडूळ झाली आहे आणि रात्री गुत्त्यांत जमणारे इंग्रज वटवाघळे झाले आहेत. यालाही अद्भुत प्राण्यांची घडणच म्हणतात. फरक इतकाच की येथे कोणाची नालस्ती नाही. मिस्कील, निरखणारी, ममताळू नजर आहे. ज्यांच्यावर शंभर वर्षे राक्षसपणाचे मुखवटे चढवले त्यांच्यापैकी एकाला साहेबाचे चित्र काढण्याची संधी मिळाली, आणि त्याने साहेबाला राक्षस केले नाही. मराठीतही वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' (१९८७) आणि भुजंग मेश्राम यांचा 'उलगुलान' (१९९०) हे संग्रह कधीच आले आहेत. भिल्ल आणि गोंड कवी आपल्याच भाषेत आपल्याशी बोलत आहेत. आपल्या ग्रंथालयांच्या कपाटांत त्यांची पुस्तके आहेत काय, हे प्रत्येक कार्यकारिणीने एकदा पाहावे.

शेवटी आपल्यापुरते. नामपल्लीहून मासाब टँकचे आदिवासी संग्रहालय पायी जाण्याच्या अंतरावर म्हटले तरी चालेल. दर जानेवारीत नुमाइशीला नातवंडांना घेऊन जाणारे आपण, त्यांना त्या संग्रहालयात किती वेळा नेतो? दंडारीच्या सणात मोरपिसांचा मुकुट आणि अंगाला भस्म लावून नाचणारा गुसाडी हा देवाचा माणूस आहे. त्या पिसांना आणि त्या भस्माला गोंडाच्या घरी पावित्र्याचा अर्थ आहे, हे मुलांना कोण सांगणार? गुसाडी नृत्याचे गुरू कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली आणि २०२४ साली ते वारले. त्यांच्याविषयी आपल्या बालवाचकांसाठी एक पान तरी निघावयास हवे होते. आपल्या संस्थांच्या बालनाट्यस्पर्धा होतात, चित्रकलास्पर्धा होतात. पुढील स्पर्धेच्या नियमपत्रिकेत एकच ओळ वाढवावी, अशी कार्यकारिणीला विनंती आहे: राक्षस दाखवावयाचा असल्यास तोंडाला काळे फासू नये. या ओळीने पोरांचा खेळ बिघडणार नाही. उलट, काळ्या रंगाविना भय कसे दाखवावे याचा विचार करताना त्यांची कल्पनाशक्ती प्रथमच कामाला लागेल.